आठ दिवस आत, आठ दिवस बाहेर

३ जानेवारी

नर्सरीवाली म्हणाली, "काका, कुठल्या कुंडीला कधी पाणी घातलं ते लिहून ठेवा. नाहीतर हौसेने रोज घालाल आणि मारून टाकाल." म्हणून ही वही. एरवी मी लिहिणाऱ्यातला नाही. पस्तीस वर्षं लाकडाला पॉलिश करतोय. माझं अक्षर कुणाला बघायचंच असेल तर लोकांच्या कपाटांवर बघावं, स्वतःचं तोंड दिसेल.

आज चार कुंड्या आणल्या. मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली आणि एक रबराचं झाड. प्रत्येकाला एक पेला पाणी.

कारण असं झालं. परवा डॉक्टर हिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला. मग मला विचारलं, "घरात काय करता तुम्ही?" मी म्हटलं, पॉलिश. "थिनर वापरता?" म्हटलं, थिनर नाही वापरणार तर काय ताक वापरू? तो हसला नाही. म्हणाला, "एक तर काम घराबाहेर न्या, नाहीतर यांना न्या. यांची छाती आता हे सहन करणार नाही." कालचं पोरगं, पण बोलणं असं की जणू मी बायकोला मुद्दाम धुरी देतोय. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

काम बाहेर न्यायचं म्हणजे वखारीमागच्या शेडमध्ये. वखारवाला दोन वर्षं सांगतोय, ये, रिकामी पडलीय, मला भाडंबिडं काही नको. पण शेजारी दिवसभर करवत चालते. ओल्या पॉलिशवर भुशाचा एक कण बसला की सगळं घासून परत पहिल्यापासून. माझ्या पॉलिशवर बोट फिरवून आजवर कुणी कण दाखवलेला नाही. या गावात एवढी एकच गोष्ट माझ्या नावावर आहे, ती मी सोडणार नाही.

तर एका गिऱ्हाइकाकडे कपाट पोचवायला गेलो होतो, तिथे मासिकात लेख दिसला. घरात ठेवायची झाडं हवा साफ करतात म्हणे. रंग, थिनर, पॉलिश, सगळ्याचा वास पानं ओढून घेतात. 'पॉलिश' हा शब्द छापलेला होता! मी ते पान मागून घेतलं. डॉक्टरला हे ठाऊक नसणार. त्यांना गोळ्यांच्या पलीकडे कुठे काय ठाऊक असतं.

५ जानेवारी

ही कुंड्यांकडे बघून म्हणाली, "चार नोकर ठेवलेत होय माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच."

"जेवणाखाण्याचं काय?"

"एक पेला पाणी."

"म्हणजे माझ्यापेक्षा स्वस्तात पडले." मग हसायला लागली आणि हसता हसता खोकला लागला. दहा मिनिटं थांबेना. मी पाणी दिलं, पाठ चोळली. तिला असं बघवत नाही मला. कुणी म्हणेल याला बायकोची किंमत नाही, पण त्याने येऊन माझं हे बघावं.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरची खोली कामाची. आतल्या खोलीत निजणं आणि स्वयंपाक. गॅलरी आहे ती बाहेरच्या खोलीला. मी स्प्रे मारायला लागलो की ही गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि मी आतून दार लावून घेतो. सगळ्या खिडक्याही बंद. धूळ आली की संपलं. भाजी निवडणं, शिवणटिपण, सगळं तिचं तिथेच. मुलीचा शाळेचा अभ्याससुद्धा त्या गॅलरीतच झाला.

१० जानेवारी

फरक नाही. नर्सरीत जाऊन तक्रार केली. नर्सरीवाली कपाळाला हात लावून म्हणाली, "चार कुंड्यांनी काय होतंय, काका? त्यापेक्षा खिडकी उघडा की."

बरोबर बोलली. चार कुंड्यांनी काय होतंय? आणखी चाळीस घेतल्या.

टेम्पो भरून आल्या. नर्सरीवाली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "काका, मी तसं म्हटलं नव्हतं." धंदा करणारी बाई आणि गिऱ्हाइकाला नको म्हणते, अशी माणसं पुढे जात नाहीत.

१२ जानेवारी

चव्वेचाळीस कुंड्या लावून झाल्या. उंच पाम भिंतीला, स्नेक प्लांट कपाटावर, मनीप्लांट खिळ्यांना टांगले. बाहेरच्या खोलीत मधे कामापुरती जागा. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "छान दिसतंय हो. खरंच." तिला हिरवं आवडतं, हे मला लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर कळलं. तिने कधी मागितलं नव्हतं.

मुलगी आली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे आपल्याला अर्धी डॉक्टर समजते. म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले आणि तुम्ही काय केलंत?" मी तिला लेख दाखवला. वाचून तिने घडी घातली आणि परत दिला. छापलेल्या गोष्टीपुढे तिचं काय चालणार.

१८ जानेवारी

एक अडचण लक्षात आली. स्प्रेचा तुषार पानांवर बसतो आणि पानं चिकट होतात. चिकट पान हवा ओढणार कशी? लेखात स्पष्ट लिहिलंय, पानं ओल्या फडक्याने पुसत राहावी. मला वेळ नाही. हे काम हिला दिलं. तिचाही वेळ जाईल. चव्वेचाळीस झाडं म्हणजे सकाळी वीस आणि दुपारी बाकीची.

संध्याकाळी तिने फडकं माझ्यासमोर धरलं. पिवळं पडलेलं, बोटांना चिकटणारं. "हे बघा पानांवर काय बसतं."

मला इतका आनंद झाला! मी म्हटलं, "बघितलंस? झाडं काम करतायत. हे सगळं एरवी हवेत राहिलं असतं."

"एरवी कुठे गेलं असतं?" ती म्हणाली. "माझ्या आत पण कुणी असं फडकं फिरवलं असतं तर बरं झालं असतं."

तिचं बोलणं असंच तिरकं. मी कानाडोळा केला.

२५ जानेवारी

ही म्हणते, "तुम्ही स्प्रे मारताना ते रबराचं तोंडाला लावता ना, तसं एक मला पण आणा."

म्हटलं, "तुला काय स्प्रे मारायचाय?"

दोघंही हसलो. मग दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. बायकांचं काही कळत नाही.

३ फेब्रुवारी

मोठं काम आलं! गावच्या वाचनालयाच्या साठ खुर्च्या आणि सहा टेबलं. नवी इमारत होतेय. ग्रंथपाल स्वतः आले होते. बुटके, कमी बोलणारे गृहस्थ. माझ्याकडच्या एका तयार फळीवर वाकून त्यांनी स्वतःचे केस सारखे केले आणि म्हणाले, "असंच पाहिजे." मला भरून आलं. माणूस आयुष्यभर ज्यासाठी घासतो ते हेच. मी मेल्यावरसुद्धा लोक त्या खुर्च्यांवर बसून वाचतील.

बारा-बारा खुर्च्या आणायच्या, करायच्या, पोचवायच्या. आधी लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचे दोन हात, मग घासाई, मग चमकेसाठी लॅकरचे तीन हात. मार्चअखेर संपलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

आज झाडांची कमाल बघितली. गॅसवर दूध ठेवून मी मधल्या दारापाशीच खुर्ची घासत होतो. गॅलरीतून ही ओरडली, "अहो, दूध करपतंय!" जाऊन बघतो तर पातेलं काळंठिक्कर. मी चार पावलांवर आणि मला वास म्हणून आला नाही. झाडांनी करपलेल्या दुधाचासुद्धा वास ओढून घेतला!

तिला सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "तुम्हाला शेवटचा वास कधी आला होता हो? कशाचाही." मी आठवायला लागलो. नाही आठवलं. पण आठवण्यासारखे वास असतात कुठे रोज?

थिनरचा वास मात्र घरात अजिबात नाही. मी खोल श्वास घेऊन तीनदा तपासलं.

१६ फेब्रुवारी

झाडं पिवळी पडायला लागली. पामची टोकं जळल्यासारखी झालीत आणि स्पायडर प्लांट तर मान टाकून बसलाय. घाबरून नर्सरीवालीला घरी बोलावलं. ती दारातच पदर नाकाला लावून उभी राहिली. नाटकी बाई. म्हणाली, "काका, या हवेत ही जगायची नाहीत. सलग ठेवू नका. आठ दिवस आत ठेवलीत तर आठ दिवस बाहेर मोकळ्यावर ठेवा. जरा दम घेऊ द्या त्यांना."

मग आत हिच्याकडे बघून म्हणाली, "आणि मावशी, तुम्ही?" ही म्हणाली, "मी काय, मी कुंडीतली थोडीच." दोघी हसल्या.

लगेच बावीस कुंड्या गॅलरीत नेल्या. गॅलरी भरली. हिची खुर्ची मावेना म्हणून आतल्या खोलीत आणून ठेवली. आता स्प्रे चालू असताना ती तिथे बसेल आणि मधलं दार लावून घेईल. आतल्या खोलीच्या खिडकीला मी फटीफटीने चिकटपट्टी लावली, कारण तिथून येणारी धूळ दाराखालून थेट माझ्या खुर्च्यांवर येते. एवढं सगळं एका सकाळी केलं. पाठ मोडली.

१७ फेब्रुवारी

ही म्हणते, निदान दहा कुंड्या तरी कमी करा, मला बसू दे गॅलरीत. मी समजावलं, झाडं जगली तरच ती तुला जगवतील. तुझ्यासाठीच चाललंय ना हे? तिने मान हलवली. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी

कुठली कुंडी आत, कुठली बाहेर यात गोंधळ व्हायला लागला म्हणून पाळीपत्रक केलं. मोठ्या पुठ्ठ्यावर रेघा मारून, प्रत्येक झाडाचं नाव, आत गेल्याची तारीख, बाहेर काढायची तारीख. लाल आणि निळ्या पेनाने. भिंतीवर लावलं. कारखान्यात असतं तसं झालंय.

मुलगी आली. पुठ्ठ्यासमोर उभं राहून तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, मला वाटलं तारीफ करेल. म्हणाली, "बाबा, यात आईचं नाव दिसत नाही. आईची पाळी कधी?"

"आई काय झाड आहे?"

"नाही ना," ती म्हणाली. "झाड असती तर परवाच बाहेर आली असती."

असं बोलायला मी शिकवलेलं नाही तिला. दुकानातल्या काउंटरवर उभं राहून जीभ अशी झालीय. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

१ मार्च

चोवीस खुर्च्या पोचल्या. ग्रंथपालांनी प्रत्येकीवर बोट फिरवून पाहिलं. मान डोलावली. स्वर्ग.

हिचं बोलणं हल्ली कमी झालंय. पूर्वी एक गोष्ट सांगायला घेतली की शेजारणीच्या माहेरापर्यंत जायची. आता दोन शब्द, मग थांबते, मग दोन शब्द. "चहा. ठेवलाय." "पानं. पुसली." मला बरं वाटतं खरं तर. कामात शांतता लागते. वय वाढलं की माणूस आपोआप मोजकं बोलायला लागतो.

झोपतेसुद्धा बसून. उशा लावून टेकते. म्हणते, असं बरं पडतं.

७ मार्च

मुलगी आणि जावई हिला घेऊन गेले. मला न विचारता. मी वाचनालयात टेबलं बघायला गेलो होतो, परत येतो तर मुलगी पिशवी भरत होती आणि ही जिन्याच्या पायरीवर बसलेली. जिन्यात हवा येते म्हणे. मी म्हटलं, "तिथे तुझ्याकडे एक तरी झाड आहे का? नाही ना? मग हवा साफ कशी होणार?"

मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्याकडे हवा घाण करत नाही कुणी."

ही पायरीवरून उठली. जाताना परत आत आली, धाप टाकत, आणि पीस लिलीचं एक पान पुसून फडकं दोरीवर टाकून गेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी. घाला." झाडांना म्हणाली ती.

१४ मार्च

घर खायला उठतं. कुकर लावायला जमत नाही, लावला तर शिटी मोजायची राहते. पानं पुसायला वेळ नाही, त्यामुळे सगळी झाडं चिकट होऊन माना टाकतायत. तिसरी बारा खुर्च्यांची खेप अडकली. रोज तिला फोन करतो आणि रोज मुलगी उचलते. आज मात्र तिने स्वतः उचलला आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने मांजर कसं पाळलं, ते मांजर कसं पडद्यावर चढलं आणि त्या बाईचा नवरा कसा स्टुलावरून पडला, हे न थांबता सांगत होती. मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही. फोन ठेवल्यावर मी मोजलं, एकदाही खोकली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. माझ्या चव्वेचाळीस झाडांत जे जमलं नाही ते त्या उघड्याबोडक्या घरात जमावं?

२१ मार्च

भेटायला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी धापा टाकत वर पोचलो तर ही माझ्या मागून भाजीची पिशवी घेऊन आली. "अहो, थांबा की, एवढे काय दमलात?" गालांवर रंग आलेला. केस धुतलेले. मी तिच्याकडे बघत राहिलो, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दिसायची तशी दिसत होती.

चहा झाल्यावर म्हणाली, "काम शेडमध्ये न्या. मी उद्या येते. उद्या म्हणजे उद्याच."

मी म्हटलं, "तिथे भुसा उडतो."

"मग थोडा बसू दे भुसा."

एकतीस वर्षं माझ्यासोबत काढून असं बोलावं तिने? मला काय झालं ते इथे लिहिता येत नाही. मी उठलो आणि निघालो. मुलगी जिन्यात माझ्या मागे आली नाही, कुणीच आलं नाही.

२६ मार्च

टेबलं झाली, शेवटच्या बारा खुर्च्या राहिल्यात आणि झाडं मरायला टेकलीत. फोन केला. म्हटलं, "तुझी पीस लिली गेली. बाकीच्याही जातील आता." लिली गेलेली नाही, नुसती वाकलीय. थोडं वाढवून सांगितलं.

ती म्हणाली, "मेली? मी एवढी जपलेली." पुढे म्हणाली, "मी येते. पण राहायला नाही. सगळ्या कुंड्या इकडे घेऊन जाते, गच्चीवर ठेवीन. जावई संध्याकाळी टेम्पो आणतील. मी सकाळी येऊन पुसून, बांधून ठेवते. आणि मी आहे तोवर स्प्रे मारायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तिला झाडांसाठी यावंसं वाटलं, माझ्यासाठी नाही, हे माझ्या लक्षात आलंय. पण एकदा घरात आली की बघू. स्वतःचं घर ते स्वतःचं घर.

३० मार्च, सकाळ

आली. दारातच थांबली, मग पदर तोंडाला लावून आत आली. लिली बघून म्हणाली, "ही तर जिवंत आहे." मी म्हटलं, "तू येणार म्हणून जगली." हसली. मला वाटलं, जमलं.

पानं पुसायला बसलीय. मी चहा केला, साखर जास्त पडली, तिने निमूटपणे प्यायला.

३० मार्च, दुपार, सव्वाचार

झालं! साठही खुर्च्या पूर्ण.

काय झालं की जेवण करून उन्हात धरून बघतो तर शेवटच्या बारापैकी पाच खुर्च्यांच्या पायांवर ओघळ. परवा घाईत मारलेला हात. ग्रंथपाल उद्या सकाळी नेणार आहेत. ओघळ घासून एक हात सगळ्यांनाच द्यावा लागणार, नाहीतर चमक एकसारखी येत नाही. हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही कबूल केलं होतं." म्हटलं, "दोन तासांचं काम आहे गं. साठ खुर्च्यांचा प्रश्न आहे."

ती म्हणाली, "मग मी गॅलरीत बसते. कुंड्या जिन्यात काढा."

बावीस कुंड्या हलवायच्या म्हणजे माती सांडणार, धूळ उडणार, आणि ती थेट ओल्या लॅकरवर. नाही म्हटलं.

"मग मी जिन्यात बसते."

जिन्यात? महिन्याने घरी आलेली बायको जिन्यात बसलेली लोकांनी बघायची? आधीच मुलीने माझी शोभा केलीय. मी तिचा दंड धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, दार ओढून घेतलं. आणि हयगय नको म्हणून एक युक्ती केली. मधलं दार कामाच्या खोलीत उघडतं. त्या दाराला लागून या खोलीतल्या सगळ्या बावीस कुंड्या तीन रांगांत ठेवल्या, मोठे पाम अगदी दाराला टेकवून. वाफ आत जायच्या आधी त्यांनाच ओलांडावी लागेल. एवढ्या हिरव्यागार भिंतीआड राजेरजवाड्यांच्या बायका बसल्या नसतील.

मास्क चढवून सुरू केलं. हात असा चालला की बस. मधे स्प्रेच्या कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह ठकठक करतोय असं वाटलं. बराच वेळ ठकठकत होता. शेवटी बटण बंद करून बघितलं तर आवाजही बंद. म्हणजे व्हॉल्व्हच. परत चालू केला, नंतर नाही वाजला.

आता बघतोय तर पुढच्या रांगेतल्या तीन कुंड्या आडव्या पडल्यात आणि माती पसरलीय. दार दोन बोटं उघडं आहे. हिने काहीतरी मागायला ढकललं असणार. एवढा राग आला! माती उडून खुर्चीवर गेली असती तर? सुदैवाने नाही गेली, वाकून एकेक बघितली. आरसा.

लॅकर धरेपर्यंत अर्धा तास दार हलवायचं नाही, नाहीतर सांडलेली माती उडेल. ती शांत आहे. झोपली असावी, इतक्या दिवसांनी स्वतःच्या घरात झोप लागते माणसाला. पाच वाजता चहा करून उठवतो. साखर बेताची घालीन.

१० एप्रिल

सगळं उरकलं. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं, मी वाचलं नाही. मला म्हणाला, "मी सांगितलं होतं." मी म्हटलं, मी चव्वेचाळीस झाडं आणली होती. त्याला कुठे काय सांगायचं.

नर्सरीवाली भेटून गेली. दारात उभी राहून रडली. मी विचारलं, "कमी पडली का हो झाडं?" ती पदराने डोळे पुसत गेली.

साठ खुर्च्या वाचनालयात लागल्यात म्हणे. मी बघायला गेलो नाही.

१५ एप्रिल

मुलगी हिच्या साड्या न्यायला आली. चहा नको म्हणाली, बसलीही नाही. कपाट रिकामं केलं. कुंड्यांकडे बघितलं नाही. जाताना मधल्या दारापाशी थांबली, दार धरून एकदा उघडलं, एकदा लावलं. मग विचारलं, "बाबा, हे दार कुणीकडे उघडतं?"

याच घरात लहानाची मोठी झाली आणि हे मला विचारते. मी म्हटलं, "बाहेर. कामाच्या खोलीत."

तिने पिशवी उचलली आणि गेली. आता ती परत येणार नाही हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

१६ एप्रिल

काल दिवसभर तेच डोक्यात. आज दुपारी मी आतल्या खोलीत गेलो. दार किलकिलं ठेवून फटीतून हात बाहेर घातला, एक कुंडी दाराला ओढून घेतली, दार लावलं आणि आतून ढकललं. कुंडी सरकली. दोन ठेवल्या, सरकल्या. चार ठेवल्या तेव्हा खांदा लावावा लागला. सहा ठेवल्यावर दार दोन बोटं उघडलं आणि थांबलं.

माझ्या हातात अजून जोर आहे आणि माझी छाती धड आहे. बावीस लावून बघितल्या नाहीत.